वाद्याची चिठ्ठी

लग्नसराईत आमच्या बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत संध्याकाळी उभे राहिले, म्हणजे तासाभरात दोन-तीन वराती सहज पाहायला मिळतात. पुढे मोठमोठे कर्णे लावलेली गाडी, तिच्या दणक्याने थरथरणारी खिडक्यांची तावदाने आणि मागे घामाघूम होऊन नाचणारी पोरे. याच रस्त्यांवरून एके काळी डफडे आणि सनई वाजत जात असे, असे वडीलधारी मंडळी सांगतात. गेलेल्या दिवसांसाठी गळा काढायला मी आज आलेलो नाही. वाद्ये येतात, वाद्ये जातात. आपल्या भजनी मंडळाची लाडकी पेटी मूळची फ्रान्सची. तिथल्या एका कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचा हक्क नोंदवला. याच आकाशवाणीवर १९४० पासून सुमारे तीस वर्षे तिला मज्जाव होता. तरी आज तिच्यावाचून काकडआरती होत नाही. तेव्हा बदलाशी भांडण नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. एखादे वाद्य वाजायचे थांबले, म्हणजे त्याचे मागे काय उरते, आणि जे उरते त्याचे आपण काय करतो?

इतिहासाच्या माणसाला वाद्यासारखी अवघड वस्तू दुसरी नाही. नाण्यावर राजाचे नाव असते. ताम्रपटावर साल असते, साक्षीदार असतात. तलवारीच्या मुठीवरून निदान घडण तरी ओळखता येते. तुणतुण्यावर मात्र काहीच लिहिलेले नसते. लाकडाचे नळकांडे, तळाला कातडे, एक काठी, एक खुंटी आणि एक तार. ते कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या देवाच्या गोंधळात वाजले, तार कोणत्या सुराला लावीत, हे सगळे वाजवणाऱ्याच्या डोक्यात असते. तो गेला की ते गेले. म्हणून वस्तुसंग्रहालयात वाद्याइतकेच, किंबहुना वाद्यापेक्षाही, त्याच्याजवळच्या चिठ्ठीला मोल आहे.

ही चिठ्ठी लिहिण्याची विद्या साहेबाने आपल्याला शिकवली, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, सिंघण राजाच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेव नावाचा एक मोठा अधिकारी होऊन गेला. त्याचा आजा काश्मीरहून दक्षिणेत आला होता. दरबारात हिशेबाचे काम पाहणाऱ्या या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला आणि त्याचा सहावा अध्याय सबंध वाद्यांना दिला. त्यात नुसती वाद्यांची स्तुती नाही. वीणेच्या दांडीला खैराचे लाकूड घ्यावे, ती किती हात लांब असावी, किन्नरीचे लहानमोठे प्रकार कोणते, भोपळे कुठे बांधावे, पटहाचे बोल कोणते, हे सारे हाता-अंगुळांच्या मापाने दिलेले आहे. हिशेबनीसाचीच ही शिस्त असावी, असे मला नेहमी वाटते. त्यातले एकही वाद्य आज आपल्या हाती नाही. लाकूड किडले, भोपळा फुटला, कातडे उंदरांनी नेले. पण मापे लिहून ठेवली होती म्हणून सातशे-आठशे वर्षांनंतरही अभ्यासकाला त्यांचा घाट कळतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनकाच्या कथेत नर्तकी आहे, भोवती बासरी वाजवणाऱ्या बायका आहेत. ते चित्र शार्ङ्गदेवाहून कितीतरी जुने आणि देखणेही आहे. पण त्या बासरीला भोके किती आणि किती अंतरावर, हे चित्र सांगत नाही.

आता थोडे दूर जाऊ. कलकत्त्याचे राजा शौरींद्रमोहन टागोर हे रवींद्रनाथांच्या विस्तृत घराण्यातल्या दुसऱ्या पातीचे गृहस्थ. जन्म १८४०, मृत्यू १९१४. आपल्या देशाचे संगीत जगाला कळावे म्हणून त्यांनी ठिकठिकाणच्या राजेमहाराजांना भारतीय वाद्यांचे संच भेट पाठवले. असा सुमारे शंभर वाद्यांचा एक संच १८७६ मध्ये बेल्जमच्या राजाकडे गेला आणि पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सच्या संगीतशाळेत जे वाद्यसंग्रहालय उभे राहिले, त्यात तो ठेवला गेला. तिथले पहिले संग्रहपाल व्हिक्टर माहियों. त्यांच्यापुढे पेच असा, की ही नाना देशांची वाद्ये कोणत्या क्रमाने मांडायची? युरोपातली जुनी विभागणी, म्हणजे तारांची, फुंकायची आणि बडवायची वाद्ये, इथे अपुरी पडू लागली. ढोलही बडवतात आणि झांजही, पण एकीत कातडे बोलते आणि दुसरीत धातू. भरताच्या नाट्यशास्त्रात याचे उत्तर कधीच दिलेले आहे. तत म्हणजे तारेचे, सुषिर म्हणजे पोकळ, फुंकायचे, अवनद्ध म्हणजे कातड्याने मढवलेले आणि घन म्हणजे टाळ-चिपळ्यांसारखे सबंध अंगाने वाजणारे. माहियोंनी हीच चौकट घेतली आणि १८८० पासून त्यांच्या सूचीचे खंड निघू लागले. पुढे १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोन विद्वानांनी बर्लिनहून त्याच चार वर्गांवर आकड्यांची पद्धत बसवली. आपल्या ग्रंथालयांत पुस्तकांना दशांश पद्धतीने आकडे देतात ना, तशीच. आज जगातल्या बहुतेक वाद्यसंग्रहालयांत हीच पद्धत चालते. म्हणजे आपल्या घरचेच बियाणे परदेशात पेरले गेले आणि तिथले पीक आपण विकत घेत आहो.

गंमत पुढेच आहे. इतक्या विद्वानांनी इतक्या काळजीने चौकट बांधली आणि आपल्या तुणतुण्याने, चौंडक्याने तिच्यात पाचर मारली. तार छेडायची, म्हणून ते तत म्हणावे, तर तार बसलेली कातड्यावर आणि आवाज घुमतो कातड्याच्या जोरावर. अवनद्ध म्हणावे, तर कातड्याला कोणी हात लावीत नाही. जर्मन पंडितांनी ‘छेडायचा ढोल’ असा निराळाच वर्ग काढून त्यात या जातीची वाद्ये बसवली. पुढच्या अभ्यासकांनी ते नाकारून पुन्हा तारेच्या पंगतीला नेले. गोंधळ्याला या वादाची काही फिकीर नाही. पण शिक्षकबंधूंनी वर्गात हा प्रश्न मुलांसमोर टाकून पाहावा. तास रंगतो, हा माझा अनुभव आहे.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. शाळेच्या सहली तिथे जातात. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा ध्यास लागला आणि तो १९९० साली देह ठेवीपर्यंत सुटला नाही. पत्नी कमलाबाई या उद्योगात बरोबरीने होत्या. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याचे नाव या संग्रहाला दिले आणि पुढे हा सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तू आहेत. दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी, आणि त्यांत वाद्यांचा मोठा संग्रह. जागेअभावी मांडता येतात त्या वस्तू थोड्याच. एका माणसाने, सरकारचा पैसा नसताना, ज्या काळी लोक जुन्या वस्तू मोडीत घालत होते त्या काळी हे केले, याला तोड नाही.

पण संग्रहाच्या या रीतीला एक अंगभूत मर्यादा असते आणि ती जगभर सारखीच आहे. वाद्य कलावंताच्या घरून निघते, मोडवाल्याकडे जाते, तिथून जुन्या बाजारात, तिथून व्यापाऱ्याकडे. संग्राहकाच्या हाती येईपर्यंत त्याचे गाव गळून पडलेले असते. मग चिठ्ठीवर एवढेच उरते: ‘ढोल. लाकूड व चामडे.’ मेळघाटातल्या कोरकूंच्या नाचातला तो ढोल की देवळाच्या नगारखान्यातला, हे कळायला मार्ग राहत नाही. आणि संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर देणगीदाराचे नाव ठसठशीत असते, वाद्य घडवणाऱ्याचे किंवा वाजवणाऱ्याचे बहुधा नसते. ही खंत मी पुष्कळ ठिकाणी बाळगून परत आलो आहे.

वाद्य नुसते टिकवणे हेही सोपे नाही. आपल्या वऱ्हाडाची हवा कशी, ते तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर आणि जुलैत भिंतींना ओल. उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि या ओढाताणीत सांधे सुटतात, भोपळा तडकतो. कातडे पावसात सैल पडते, उन्हात ताणून फाटते. पखवाजाच्या धुमाला लावलेली कणीक जर तशीच राहिली तर तो उंदीर-झुरळांना मेजवानीचा बेत. म्हणून संग्रहालयवाले हवेतला ओलावा वर्षभर सारखा ठेवण्याची खटपट करतात, तारांचा ताण उतरवून ठेवतात, आणि नवे आलेले वाद्य किडीसाठी तपासल्याशिवाय जुन्यांत मिसळू देत नाहीत. आपल्या लोकांनाही यातले काही ठाऊक होते. सुट्टीत मी विद्यार्थ्यांना गावातल्या वाद्यांची टिपणे करून आणायला सांगितली होती. बहुतेकांनी ‘लाकूड, चामडे’ एवढ्यावर भागवले. एका मुलीने मात्र लिहिले की, आमचे आजोबा वाजवण्याआधी डफ जाळावर धरीत, आणि पावसाळाभर तो चुलीच्या वर आढ्याला टांगलेला असे. चुलीच्या ऊबेने कातडे कोरडे राही आणि धुराने किडा लागत नसे. आता घरोघरी गॅस आला, चूल गेली, आणि डफाचा तो आसरा गेला. अशी नोंद कोणत्याही मोठ्या ग्रंथात मिळायची नाही.

मग असे सांभाळलेले जुने वाद्य वाजवावे की नाही? यावर संग्रहालयांत बराच खल झालेला आहे. १९६० साली जगातल्या वाद्यसंग्रहालयांची एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि तिने पुढे याविषयी सूचनाही तयार केल्या. कलावंत म्हणतो, न वाजलेले वाद्य मरते. संग्रहपाल म्हणतो, दीडशे वर्षांच्या दांडीवर तार चढवली तर ती मोडेल. मला दुसऱ्याचे म्हणणे पटते. तबल्याची जुनी शाई खरवडून नवी भरली, की त्या कारागिराने शाईत काय आणि किती घातले होते ते कायमचे गेले. जव्हारी पुन्हा घासली की जुना कान गेला. त्यापेक्षा जुन्याचे माप घ्यावे, त्यावरून नवे करवावे आणि ते मनसोक्त वाजवावे. अशी नक्कल करणारे हात आपल्याकडे अजून आहेत. मिरजेच्या शिकलगारांनी, ज्यांचा मूळचा धंदा हत्यारांना धार लावण्याचा, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये करायला घेतली. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांना लागणारे मोठे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकतात. म्हणजे तंबोरा टिकायचा तर शेतकऱ्याने भोपळाही लावला पाहिजे. गोव्यात याहून अवघड प्रसंग आला. तिथले घुमट, म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेले मातीचे मडके, घोरपडीच्या कातड्याने मढवीत. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला आणि घोरपडीला संरक्षण मिळाले. ते योग्यच झाले. आता बकऱ्याचे कातडे लावतात आणि गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य ठरवले. जुना नाद आणि नवा नाद यांत फरक किती, हे सांगायला जुन्या घुमटांची ध्वनिमुद्रणेच कामी येतील.

आपल्या वऱ्हाडाकडे पाहिले तर काय दिसते? पहिले नाव खंजिरीचे. यावलीला १९०९ साली जन्मलेल्या आणि मोझरीच्या गुरुकुंजात १९६८ मध्ये देह ठेवलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी या तळहाताएवढ्या वाद्याला सबंध देशात नेले, १९५५ साली जपानलाही नेले. त्यांच्या भजनांची ध्वनिमुद्रणे आहेत, छायाचित्रे आहेत, शिष्यपरंपरा आहे. खंजिरीची चिठ्ठी लिहिणे म्हणून सोपे आहे. डहाक्याच्या गाण्यांबरोबर वाजणारी ती डमरूच्या घाटाची मोठी डाक, डवरी गोसाव्यांचा डौर, डक्कलवारांची किंगरी यांचे तसे नाही. किंगरी आणि शार्ङ्गदेवाची किन्नरी यांचे नाव एकाच कुळातले दिसते. नात्याचा धागा वाद्यातही आहे का, हे मात्र अंगुळांनी मोजल्यावरच ठरेल. गोंडांच्या कथा गाणारे परधान जो बाना वाजवतात, त्यात त्यांचा बडा देव वास करतो अशी श्रद्धा आहे. अशी वस्तू काचेच्या कपाटात ठेवावी का? मालकाने स्वखुशीने दिली तर गोष्ट निराळी. अडचणीत सापडलेल्या माणसाकडून चार पैशांत ती उचलून आणणे याला मी संशोधन म्हणणार नाही.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या गावांत डफडे वाजवणे हा पुष्कळांचा आवडीचा उद्योग नव्हता. ते गावकीचे काम होते, जन्माने गळ्यात पडलेले. वरात दुसऱ्याची, मान दुसऱ्याचा आणि वाजवणारा मांडवाबाहेर. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला आपल्या समाजाला हीन मानलेली कामे सोडण्याची हाक दिली. त्याच वर्षी ते अमरावतीच्या परिषदेलाही आले होते. त्या चळवळीने गावोगावच्या अनेकांनी डफडे खाली ठेवले, आणि त्यांनी ते ठेवले ते ताठ मानेने. तेव्हा ‘लोककला लोप पावत चालली’ असे व्यासपीठावरून हळहळताना आपण जरा जपून बोलावे. ज्याने वाद्य सोडले त्याने कला मारली नाही, त्याने आपली सुटका करून घेतली. आणि तेच लोक मुके झाले असेही नाही. ढोलकी आणि तुणतुणे आंबेडकरी जलशांत पुन्हा वाजले, पण तमाशातल्या गणगौळणीऐवजी शिक्षणाचे आणि हक्कांचे गाणे घेऊन. त्याआधी सत्यशोधकांच्या जलशांनीही हेच केले होते. म्हणून चिठ्ठीवर वाद्य कसे वाजवीत एवढेच लिहून भागत नाही. ते कोणासाठी वाजवावे लागे, मोबदला काय मिळे आणि कधी व का सोडले, तेही लिहिले पाहिजे. मला विचाराल तर चिठ्ठीतला खरा इतिहास तोच. हे न लिहिता जपलेले डफडे म्हणजे निव्वळ शोभेची वस्तू.

नागपूरचे अजब बंगला म्हणून ओळखले जाणारे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून उभे आहे, दिल्लीला संगीत नाटक अकादमीचा वाद्यसंग्रह आहे. पण तिथले अधिकारी तुमच्या-आमच्या खेड्यांत प्रत्येक दारी येऊ शकणार नाहीत. गावातला शिक्षक मात्र रोज त्या दारावरून जातो. वाद्य शाळेत आणून ठेवायचीही गरज नाही. ते ज्याचे आहे त्याच्या घरीच राहू द्यावे. एक वही, एक मोजपट्टी आणि हल्ली प्रत्येकाच्या खिशात असतो तो फोन, एवढे साहित्य पुरे.

पहिली गोष्ट, नाव घरचे लोक म्हणतात तेच लिहावे. ते ‘डफडं’ म्हणत असतील तर आपण त्याचा ‘पटह’ करू नये. शास्त्रातले नाव नंतर कंसात येईल. मग लांबी, तोंडाचा व्यास, लाकूड कोणते, कातडे कोणत्या जनावराचे, वाद्या कशा ओढल्या आहेत, पूर्वी दुरुस्ती केली असेल तर कुठे, हे पाहावे. ठिगळ असेल तर लपवू नये, त्याचाच फोटो घ्यावा. मग वाजवणाऱ्याला ते हातात धरायला सांगावे, कारण वाद्य टेबलावर वेगळे दिसते आणि खांद्यावर वेगळे. संबळाच्या दोन भांड्यांना दोन निराळ्या काठ्या लागतात, त्यांतली एक टोकाशी वाकडी असते. त्या काठ्या पुष्कळदा अडगळीत जातात आणि संग्रहात नुसती भांडी येतात. सूर कसा लावतात तो आवाज नोंदवावा. आधी नुसता, मग गाण्यासह. कोणत्या महिन्यात वाजवतात हे सगळे विचारतात. केव्हा वाजवत नाहीत हेही विचारावे, पुष्कळ गोष्टी त्यातून निघतात. कोणाकडून शिकले, आता शिकणारा कोणी आहे का, हे लिहावे. शेवटी तारीख आणि आपली सही. तारीख नसलेली नोंद पुढच्या माणसाला फार त्रास देते. इतिहास शिकवणाऱ्या मला त्याचा पुरेपूर अनुभव आहे.

वहीची एक प्रत त्या घरी द्यावी, एक शाळेत ठेवावी. आणि मोजपट्टी लावण्यापूर्वी घरच्यांना विचारावे. वाद्याला नुसता पाय लागला तरी आपण नमस्कार करतो, आणि काही घरांत तर ते खुंटीवरून काढण्याआधी हळदकुंकू वाहायची रीत आहे. ती होईपर्यंत बाहेर ओट्यावर बसायला हरकत नाही.